एक शब्द काढा

प्रस्तावनेच्या सातव्या पानावर बाईंची पेन्सिल थांबली. चूक सापडली की ती थांबते, पण इथे चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी होते, स्वल्पविराम हवा तिथे होता, अवतरणचिन्ह उघडले होते तसे मिटलेही होते. प्राध्यापकांनी लिहिले होते, ‘एखाद्या सामान्य लेखकाने इथे “त्यांनी मला ओळखले नाही” असे लिहून वाचकाचे डोळे सहज ओले केले असते. आपला लेखक तो मोह टाळतो. तो लिहितो, “त्यांनी मला ओळखले.” आणि त्या एका शब्दावर ही छोटी कादंबरी दुर्दैवाच्या हकिकतीतून उठून शोकांतिकेत जाऊन बसते.’ बाईंनी वाक्य पुन्हा वाचले. चष्मा काढून पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तिसऱ्यांदा वाचले. त्यांच्या आठवणीत कादंबरीचा शेवट त्या सामान्य लेखकाने केला होता.

कादंबरी त्यांच्या दादाची होती, म्हणजे थोरल्या भावाची. त्याने आयुष्यात लिहिलेली एकुलती एक, शहाण्णव पानांची. एकतीस वर्षांपूर्वी याच प्रकाशनाने ती छापली होती आणि तिची मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची कच्ची पाने, याच टेबलाशी बसून बाईंनीच तपासली होती. मधल्या काळात जुन्या पानांचे फोटो काढून दोनदा ती जशीच्या तशी पुन्हा निघाली. आता ती अभ्यासक्रमाला लागली होती, म्हणून नव्याने अक्षरजुळणी आणि वर प्राध्यापकांची प्रस्तावना. बाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या, आता अठ्ठावन्नच्या. मधल्या वर्षांत त्यांच्या हाताखालून चारएक हजार पुस्तके गेली असतील. थोरले मालक असताना एक वाक्य दर नव्या माणसाला ऐकवायचे, देव चुकेल पण बाई चुकायच्या नाहीत. ते गेले, वाक्य राहिले. धाकटे मालक आता तेच वाक्य आलेल्या-गेलेल्याला ऐकवत, आणि बाई मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसत. ते वाक्य त्यांना आवडत नाही असे सगळ्यांना वाटे. तसे नव्हते.

प्रस्तावना मुद्देसूद होती. शोकांतिकेच्या नायकाला उंचीवर उभे करावे लागते, प्राध्यापक म्हणत होते, कारण पडायला उंची लागते. मग ती राजवाड्याची असो की एका शाळेच्या तीन पायऱ्यांची. या कादंबरीतला हेडमास्तर त्या तीन पायऱ्यांवर उभा आहे. सगळे गाव त्याच्या शब्दावर घड्याळ लावते. त्याचा घात त्याच्या दुर्गुणाने होत नाही, गुणाने होतो. पोटचा मुलगा शालान्त वर्गाच्या चाचणी परीक्षेत एका गुणाने नापास होतो. तो एक गुण वाढवून देण्याची मुभा नियमातच आहे, इतर तिघांना तो दिलाही जातो. हेडमास्तर फक्त आपल्या मुलाला तो नाकारतो. ‘दुसऱ्याच्या मुलाला नियम लावतो तो माझ्या मुलाला एक बोट जास्तच लागेल,’ असे तो शिक्षकांच्या खोलीत म्हणतो, आणि मुलगा दाराबाहेर उभा राहून ते ऐकतो. शोकांतिकेतली चूक नेहमी अशीच लहान, नायकाच्या स्वतःच्या हातची आणि त्या क्षणी अगदी बरोबर दिसणारी. पुढे उलटापालट, आणि सर्वांत शेवटी ओळख. मोठ्या कादंबरीला फाटे फुटतात, पोटकथा लागतात. छोटीला तेवढी उसंत नसते. ती सरळ खाली येते, हातून सुटलेल्या वस्तूसारखी. आणि इथे लेखकाने कमाल केली आहे की ओळख पटते, पण समेट होत नाही. अकरा वर्षांनी परतलेल्या मुलाला बाप दारात ओळखतो आणि दार लावून घेतो. प्राध्यापकांनी या एका गोष्टीला पाच पाने दिली होती.

बाई उठल्या. भिंतीजवळच्या कपाटात प्रत्येक पुस्तकाची पहिली आवृत्ती ठेवलेली असे. या धंद्यात एक जुना समज आहे: छापून आलेले पुस्तक तपासणाऱ्याने उघडू नये, जे पान उघडेल त्यावरच चूक दिसायची. इतर जण हे हसत सांगतात आणि पुस्तक उघडतात. बाईंनी तो समज पाळला होता. दादाच्या पुस्तकाच्या बाबतीत तर कडकडीत. एकतीस वर्षांत एकदाही नाही. आता त्यांनी ते मागच्या बाजूने उघडले. पान शहाण्णव. पिवळे पडलेले, तळापर्यंत भरलेले. शेवटची ओळ कागदाच्या कडेला टेकलेली. ‘मग दार मिटले. त्यांनी मला ओळखले.’ पूर्णविरामही होता. तो कुणीतरी नीट बसवला होता.

बाई तिथेच कपाटाशी उभ्या राहिल्या. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या दिवसांत पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी छापायचे. दादाचे पुस्तक बरोबर सहा फर्म्यांचे, शहाण्णव पाने, पण शेवटचा एक शब्द, ‘नाही’, उडून सत्त्याण्णवाव्या पानावर गेला होता. कोऱ्या पानावर डावीकडे वर एवढासा शब्द, आणि त्याच्यासाठी एक अख्खा नवा फर्मा. “बाई, एका नाहीपायी सोळा पानं?” कंपोझिटर म्हणाला होता. सरळ स्वभावाचा म्हातारा, सांगितले तेवढेच करणारा. त्यात नवल नव्हते, असे रोज होई. वरच्या ओळींतला एखादा बिनकामाचा शब्द काढला की खालचा वर येतो. बाईंनी ‘मग दार मिटले’ मधल्या ‘मग’वर बारीक रेघ मारली आणि समासात लिहिले: एक शब्द काढा, पान वाढू देऊ नका. रेघ इतकी बारीक होती की त्यांना आज ती आठवताना नीट दिसत नव्हती. कंपोझिटरच्या हातात एका शब्दाचे पान होते आणि एक शब्द काढण्याची चिठ्ठी. त्याने तो काढला. दुसरे काहीच हलवावे लागले नसेल.

त्यानंतर शेवटचे मुद्रित आले असणार. आलेच होते. थोरले मालक म्हणाले होते, “घरचं पुस्तक आहे, दुसऱ्या कुणाला तरी बघू दे. आपल्या माणसाचं लिहिलेलं डोळा वाचत नाही, आठवतो.” आणि बाई म्हणाल्या होत्या, “माझा डोळा वाचतो.” ते शेवटचे पान त्यांना पाठ होते. हस्तलिखित टपालाने आले त्या दिवशी त्यांनी ते इतक्यांदा वाचले होते की मुद्रितावरून नजर फिरली तेव्हा जो शब्द नव्हता तोही डोळ्यांनी वाचला, त्याच्या नसलेल्या वेलांटीसकट. मग त्यांनी खाली सही केली, आणि सहीच्या वर प्रघाताप्रमाणे लिहिले: छापण्यास हरकत नाही.

“बाई, प्राध्यापकांचे दोन फोन झाले,” धाकटे मालक दारातून म्हणाले. “झाली का प्रस्तावना? आणि तुम्ही अशा पुस्तक उघडून काय उभ्या? भूत बघितल्यासारखं.”

“मूळ पुस्तकात शेवटचा शब्द राहून गेलाय.”

“कुणाकडून?”

“माझ्याकडून.”

ते हसले. मग बाईंचा चेहरा पाहून आत आले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी सगळे ऐकून घेतले. “म्हणजे ध चा मा,” ते हळू आवाजात म्हणाले. “अहो पण आता पाच पानं उभी आहेत त्या ‘ओळखले’वर. उद्या ते ‘ओळखले नाही’ झालं तर प्राध्यापक सामान्य लेखक म्हणाले ते कुणाला? तुमच्याच भावाला.” त्यांनी कपाळ चोळले. “हस्तलिखित आहे?”

“घरी आहे.”

“बघून या. आणि भावाला फोन करा. लेखक म्हणेल तसं. माझं काही म्हणणं नाही. मी फक्त छापतो.”

घर वीस मिनिटांच्या अंतरावर होते. भर दुपारी रस्त्याला सावली नव्हती. बाई दुकानांच्या पाट्या वाचत चालल्या. सवयच होती, ‘दुरूस्ती’तला रू ऱ्हस्व हवा, ‘आर्शीवाद’वरचा रफार पुढे हवा. रोज या पाट्यांवर त्या मनातल्या मनात खुणा करत जात आणि त्यात एक बारीकसे समाधान असे. आज पाट्या नुसत्या डोळ्यांवरून गेल्या. आप्पांनी हे पुस्तक वाचले होते. एवढी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पायांखाली येत होती. वडिलांना दोघेही आप्पा म्हणत. कादंबरीतला हेडमास्तर म्हणजे तेच. मोतीबिंदू काढल्यावर नवा जाड चष्मा आला आणि दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी पुस्तक त्यांच्या हातात दिले. दादाने तसेच कळवले होते: त्यांना आत्ता काही सांगू नकोस, पुस्तक आले की दे, मग मी येईन. आप्पा खिडकीशी बसून दोन दिवस वाचत होते, एक बोट ओळीखाली धरून, उत्तरपत्रिका तपासावी तसे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पुस्तक मिटले. बराच वेळ ते मांडीवर तसेच होते. मग म्हणाले, “शेवट बरोबर आहे का गं?”

बाई कपडे घड्या करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “मी तपासलंय आप्पा. एक वेलांटी इकडची तिकडे नाही.”

“मग झालं,” आप्पा म्हणाले.

त्यानंतर दीड वर्ष ते होते. मुलाचे नाव त्यांनी काढले नाही. शेवटच्या आजारात बाईंनी विचारले, दादाला बोलावू का, तेव्हा त्यांनी भिंतीकडे बघत हाताने नको म्हटले. बाईंना तो ताठा वाटला. आणि दादाही आला नाही, पुस्तक आल्यावर नाही, वडील गेल्यावरही नाही. तो बाईंना दुसरा ताठा वाटला. बाप तसा लेक, खाण तशी माती, असे त्या मावशीला म्हणाल्या होत्या. दोघांच्या काळजाचा दगड झालाय, म्हणाल्या होत्या. त्या दोन दगडांमध्ये आपण कशा चिरडलो हे त्या एकतीस वर्षे अधूनमधून स्वतःला सांगत आल्या होत्या, आणि ती गोष्ट त्यांच्या परीने निर्दोष होती, तिच्यात कुठे खूण करायला जागा नव्हती.

हस्तलिखित लोखंडी कपाटात तळाशी होते, सुतळीने बांधलेले. त्याच्यावर दादाचे तेव्हाचे एक पत्रही होते, पुस्तक त्याच्या हाती पडल्यानंतरचे, दोनच ओळींचे. ‘पुस्तक मिळाले. शेवट तू नीट पाहिला होतास ना?’ बाईंना आपले उत्तर आठवले. पोस्टकार्डावर लिहिले होते: अक्षरन्‌ अक्षर पाहिले आहे, काळजी नसावी. त्यांनी सुतळी सोडली आणि शेवटचा कागद काढला. शाई तपकिरी झाली होती. ‘त्यांनी मला ओळखले नाही.’ नाहीची वेलांटी दादा नेहमी लांब ओढायचा, पतंगाच्या शेपटीसारखी. ती ओळीबाहेर गेली होती.

शेवटच्या पानावरच्या त्या दुपारी बाई स्वयंपाकघरात होत्या. आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, घरात दोघेच. कडी वाजली, आप्पा चाचपडत उठले. तेव्हा मोतीबिंदू पिकला होता. भिंतीवरचे घड्याळ त्यांना गोल पांढरे दिसे, वेळ बाई सांगत. बाहेरचे बोलणे तुकड्यातुकड्यांनी आत आले. कुणीतरी विचारत होते, हेडमास्तर इथेच राहतात ना. आप्पा म्हणाले, “नवे हेडमास्तर शाळेजवळ राहतात. आपण घर चुकलात.” मग दार मिटल्याचा आवाज. “कोण होतं?” बाईंनी आतून विचारले. आप्पा येऊन पाटावर बसले. पाण्याचा तांब्या त्यांनी पहिल्या झटक्यात हाती घेतला, चाचपडले नाहीत. “कुणी नाही,” ते म्हणाले. “घर चुकला होता.” आणि बाईंनी ताट वाढले. तीन महिन्यांनी हस्तलिखित आले तेव्हा त्यांना कळले की दारात कोण उभे होते.

फोन दादाने लगेच उचलला. वर्षाकाठी दोनदा बोलणे होई, तब्येत आणि हवा यांच्यापुरते. त्याच्या डोळ्यांचे पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होते, आप्पांसारखाच त्यालाही मोतीबिंदू लवकर आला होता. म्हणून मुद्रिते त्याच्याकडे पाठवलीच नव्हती.

“बोल. प्रस्तावना कशी आहे? माझं पोस्टमॉर्टेम नीट केलंय का मास्तरांनी?”

“चांगली आहे. ‘ओळखले नाही’ एखाद्या सामान्य लेखकाने लिहिलं असतं, म्हणतात. दादा, शेवटच्या ओळीत ‘नाही’ हा शब्द राहिला. पहिल्या छपाईतच. मी आत्ता बघितलं.”

पलीकडे पंख्याचा किंवा कसला तरी एकसारखा आवाज येत होता.

“राहिला म्हणजे?”

“म्हणजे चूक झाली. पान वाढत होतं. मी एक शब्द काढा म्हणून लिहिलं, कंपोझिटरने तो काढला. नंतर मी पाहिलं नाही. पाहिलं, पण दिसलं नाही.”

“तुझी चूक?”

“माझी.”

दादा बोलला तेव्हा त्याचा आवाज एखादी अवघड ओळ वाचणाऱ्या माणसासारखा होता, शब्दाशब्दाला थांबून. “मला वाटलं, तू दुरुस्त केलंस.”

“दुरुस्त?”

“तू घरात होतीस ना त्या दिवशी. मी दाराबाहेर होतो, तू आत होतीस. मी लिहिलं ‘ओळखलं नाही’. पुस्तक आलं, बघतो तर ‘नाही’च नाही. म्हटलं, हिला माहीत असणार. आत जाऊन काहीतरी बोलले असतील. तोंडाने सांगवलं नसेल, म्हणून असं कळवलं. तरी मी तुला लिहून विचारलं. तू म्हणालीस अक्षरन्‌ अक्षर पाहिलंय. म्हणून आलो नाही. दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं छपाईची चूक. पण तू.”

बाईंच्या हातात हस्तलिखिताचा कागद होता. तो त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

“मग खरं काय?” दादा म्हणाला. “त्यांनी ओळखलं होतं का मला?”

ओळखणे शक्य नव्हते. घड्याळ दिसत नव्हते त्या डोळ्यांना. हे बाईंच्या ओठांवर आलेच होते, आणि तेवढ्यात त्यांना ते वाक्य पुन्हा ऐकू आले, जसेच्या तसे, तांब्याच्या आवाजासकट. घर चुकला होता. आप्पांनी आयुष्यात परक्याचा एकेरी उल्लेख केला नव्हता. पोस्टमन आले होते, म्हणत. दूधवाले येऊन गेले, म्हणत. वर्गातल्या पोरांनाही तुम्ही, आणि ती हसायची. पाठीमागेसुद्धा नाही. साऱ्या जगात एकेरी अशी त्यांची दोनच माणसे होती, एक दादा आणि एक त्या स्वतः. दारात ‘आपण चुकलात’. आत येऊन ‘चुकला’. एकतीस वर्षे ते वाक्य बाईंच्या कानात होते आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक दहा हातांवरून हेरणाऱ्या त्यांना त्यातला काना ऐकू आला नव्हता. आवाजावरून ओळखले असेल. किंवा दारात उभे राहण्याच्या ढबीवरून. मग आत येऊन ते पाण्याचा तांब्या धरून बसले असतील, पुन्हा कडी वाजते का याकडे कान लावून, एक बोट जास्त.

म्हणजे पुस्तकातली चूक हीच खरी गोष्ट होती. दादाने चुकीचे लिहिले होते आणि छपाईने ते बरोबर केले होते. आणि आप्पांनी खिडकीशी बसून विचारले होते, शेवट बरोबर आहे का गं. मुलाला दारातले सगळे कळले आहे, असेच त्यांनी बाईंच्या उत्तरावरून धरले असणार.

“ऐकतेस ना?” दादा म्हणाला. “ओळखलं होतं का?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“नक्की?”

“नक्की. डोळे गेले होते रे त्यांचे, मी समोर असले तरी हाक मारून विचारायचे कुठे आहेस. आत येऊन म्हणाले, कुणी नाही, घर चुकले होते. तेवढंच.”

दोन काने गेले, दोन मात्रा आल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी मूळ प्रत समोर असताना असा बदल केला नव्हता.

“चुकले होते म्हणाले?”

“हो.”

“अहो-जाहो केलं मला.” दादाने श्वास सोडला. तो हसला असे बाईंना आधी वाटले. “म्हणजे कुणीतरी परकाच समजले.”

“हो.”

“मग मी परत यायला हवं होतं गं. दुसऱ्या दिवशी. ऑपरेशन झाल्यावर. शेवटी तरी.”

हे येणार हे बाईंना दिसले होते. बाप निर्दोष सुटला की त्याचा भार कुठेतरी जाणार. तो दादाच्या बाजूला गेला, आणि त्यातला काही त्यांच्याकडे आला, आणि दोन्हीकडचा मिळूनही तो कमी झाल्यासारखा वाटेना. दादा पलीकडे नाक ओढत होता. साठी उलटलेला माणूस. एकदा पतंग कटल्यावर तो असाच रडला होता, भिंतीकडे तोंड करून, बहिणीला दिसू नये म्हणून.

“घाल तो शब्द,” तो शेवटी म्हणाला. “माझा आहे. मास्तरांना म्हणावं, लेखक सामान्यच होता.”

कचेरीत परत आल्यावर बाईंनी नव्या मुद्रिताचे शेवटचे पान समोर घेतले. धाकटे मालक दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. बाईंनी पेन्सिलीला टोक केले. ‘ओळखले’ आणि पूर्णविराम यांच्या मधे काकपद काढले, खालून वर टोक असलेली ती छोटी खूण, आणि तिथून समासापर्यंत रेघ नेऊन ठळक अक्षरांत लिहिले: नाही. अक्षर त्यांचे होते, पण वेलांटी लांब गेली. पूर्वीसारखे पान आता तळापर्यंत भरलेले नव्हते. नव्या जुळणीत शेवटची ओळ पानाच्या मध्यावरच संपत होती, आणि तिच्या खाली एका शब्दाला लागते त्याहून पुष्कळ जास्त जागा कोरी होती.